चार वाफ्यांचा वर्ग : शाळेच्या बागेत शिकवायचं कसं

शाळेच्या बागेत एकही तण दिसलं नाही की मला शंका येते. अशा बागेत बहुतेक मुलांना आत जायची बंदी असते. कडेला चुना लावलेल्या तिरप्या विटा, मधे ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आणि पाणी घालायला शिपाईमामा. पाहुणे आले की फोटो छान येतात, स्पर्धेत नंबरही येतो. मुलं मात्र ती बाग खिडकीतून बघतात.

हा लेख दुसऱ्या प्रकारच्या बागेबद्दल आहे. थोडी वेडीवाकडी, मधे एखादा वाफा मेलेला, पण मुलांच्या हातची. माझा अनुभव दोनशिक्षकी, तीसेक पटाच्या शाळेचा आहे. पट मोठा असेल तर गट वाढवा, वाफे लगेच वाढवू नका.

आपल्याकडे ही कल्पना काही नवी नाही. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींची नयी तालीम मांडली गेली, तिचा गाभाच हा होता की हाताचं काम अभ्यासाला जोडलेलं शेपूट नाही, त्या कामातूनच अभ्यास व्हावा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. आपल्याला तर फक्त वर्गाच्या दारातून बाहेर यायचं आहे.

कुदळ मारण्याआधी

विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठेवा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी परवानगीवर बाग उभी राहते, पण पुढच्या वर्षी तिथे मंडप टाकायचा ठरला की कुणालाच काही आठवत नाही. केंद्र सरकारने शालेय पोषण बागांसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बागेतली भाजी मुलांच्या जेवणात वापरायची हेच त्यात अपेक्षित आहे. पालकांशी बोलताना हा आधार कामी येतो.

समितीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंना विचारणं. त्यांना रोज काय लागतं? कोथिंबीर, कढीपत्ता, एखादी पालेभाजी. त्यांनी मागितलेलं लावलं तर ते पातेल्यात जातं, नाहीतर कौतुकाचं पीक वाळून जातं. मिरची मात्र छोट्यांच्या वाफ्यात नको. हात डोळ्याला लागला की त्या दिवशीचा पाठ तिथेच संपतो.

काही पालक म्हणतील, ‘शेतात राबू नये म्हणून शाळेत घातलं, आणि तुम्ही पुन्हा खुरपं हातात देता?’ हा आक्षेप खरा आहे, तो हसण्यावारी नेऊ नका. मी त्यावर भाषण देत नाही, महिन्याभराने मुलांची बागेची वही दाखवते. ज्या दिवशी वहीत काही नसून नुसतं खुरपणं झालं असेल, त्या दिवशी पालकांचंच बरोबर आहे.

जागा : मुलांनाच शोधू द्या

दिवसातून किमान सहा तास ऊन, जवळ पाणी आणि वर्गाच्या दारातून नजर पोचेल असं ठिकाण. स्वच्छतागृहामागचा कोपरा कुणालाच नको असतो म्हणून तो बागेला मिळतो. तो घेऊ नका, तिथे कुणी फिरकत नाही.

ऊन किती ते अंदाजाने ठरवू नका. सकाळी ११ला, दुपारी १ला आणि ३ला इमारतीची व झाडांची सावली जिथे संपते तिथे मुलांना फक्कीने रेघ मारायला सांगा. तीन रेघांच्या बाहेर उरते ती आपली जमीन. बाग अजून नाही, पण पहिला पाठ होऊन गेला.

सुरुवातीला चार वाफे पुरे. वाफा ३ फूट रुंद आणि १० फूट लांब. रुंदी तीनच फूट, कारण तिसरीतल्या मुलाचा हात कडेला बसून दीड फुटापर्यंत पोचतो, दोन्ही बाजूंनी मिळून तीन. हात पोचला नाही की पाय पडतो आणि माती दाबली जाते. दोन वाफ्यांमधली वाट दोन फूट ठेवा. घमेलं घेतलेली दोन मुलं समोरासमोर आली तरी धक्काबुक्की होत नाही.

आणि बसायची जागा! हे हमखास विसरलं जातं. कडुनिंबाखाली, करंजाखाली, जे झाड असेल त्याच्याखाली दगड किंवा ओंडके गोलात मांडा. बसवताना उन्हाकडे पाठ मुलांची, तोंड शिक्षकांचं. उलट बसवलं तर मुलं डोळे किलकिले करून बसतात आणि आपल्याला वाटतं, लक्ष नाही.

कुंपणाबद्दल एकच सांगते : शेळी तुमच्यापेक्षा चिकाटीची असते. तुराट्यांचा किंवा बांबूचा कूड, बाहेरून बाभळीच्या काट्या आणि आतून जुन्या साड्या. फाटक स्वतः बंद होईल असं करा, दोरीला दगड बांधून टांगला की झालं.

माती

काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी भरून झाकण लावायचं, जोरात हलवायचं आणि खिडकीत ठेवायचं. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, पोयटा दोनेक तासांत, चिकणमातीला एक दिवस किंवा जास्तही लागतो. मुलं पट्टीने थर मोजतात आणि मातीचं नाव पाठ करण्याऐवजी ती कशाची बनली आहे ते बघतात. शेजारच्या गावातल्या शाळेची माती मागवून दोन बरण्या शेजारी ठेवा, म्हणजे खरी मजा येते.

काळ्या जमिनीत पाणी तुंबतं, तिथे वाफा सहा इंच उंच करा, म्हणजे गादीवाफा. कोकणातल्या जांभ्या मातीत पाणी थांबत नाही, तिथे पालापाचोळा आणि शेणखत जास्त लागतं. साधारण दोन-तीन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत एका वाफ्याला पुरतं. पहिली खणाई मोठ्यांचं काम आहे. मेच्या शेवटी पालकांचा एक दिवस श्रमदानाला मागा. कडक जमिनीत मुलांना कुदळ देऊ नका.

काय लावायचं, कधी लावायचं

इथे शेतीचं कॅलेंडर आणि शाळेचं कॅलेंडर यांचं भांडण आहे. शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, विदर्भात महिनाअखेरीला. मग गणपती, मग दिवाळीची मोठी सुट्टी, आणि एप्रिलअखेरपासून सगळं ओस. म्हणून पीक निवडताना ‘किती दिवसांत हाती येतं’ हा पहिला प्रश्न.

जून-जुलैत भेंडी, गवार, चवळी आणि कुंपणावर दोडका, काकडी, लाल भोपळा. भेंडी साधारण ४५ ते ५० दिवसांत तोडायला येते, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास. कोकणात अळू, पडवळ. दिवाळीनंतर शाळा भरली की मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. मेथी २५-३० दिवसांत, मुळा ४०-४५ दिवसांत. लहान मुलांना महिन्याहून जास्त वाट बघवत नाही, म्हणून पहिली-दुसरीला नेहमी मेथीच द्या. धणे पेरताना आख्खे टाकायचे नाहीत, चपलेखाली हलके रगडून दोन डाळी करायच्या. हे काम मुलं फार आनंदाने करतात.

टोमॅटोची आणि वांग्याची रोपं दिवाळीआधी तयार करावी लागतात आणि नेमकी तेव्हाच सुट्टी येते. उपाय साधा आहे. प्रत्येकाला एका करवंटीत एक रोप देऊन घरी पाठवायचं. तीसपैकी अठरा-वीस परत येतात. उरलेली कोंबडीने खाल्ली, आजीने अंगणात लावली, भावाने पाणी ओतून कुजवली. कारणं वहीत लिहून घ्या. त्यांचा स्तंभालेख निघतो.

दरवर्षीची म्हणून कढीपत्ता, लिंबू आणि शेवगा कडेला लावा. त्यातलं लिंबू-कढीपत्त्याचं कारण पुढे येईल. बियाणं शक्यतो गावातलं, साधं घ्या. संकरित बियाण्याच्या फळातलं बी पुढच्या वर्षी तसंच पीक देत नाही आणि आपल्याला बी राखायचं आहे.

बाहेरची तासिका कशी चालवायची

सगळ्यात जास्त गडबड इथे होते. तीस मुलं एकदम बाहेर सोडली की पाच मिनिटांत दोन जणांची माती डोळ्यात, एकाचं खुरपं हरवलेलं आणि बाई घसा फोडून ओरडत. मग ‘बाहेर शिकवणं जमत नाही’ असा निष्कर्ष निघतो. जमतं. फक्त आत केलेली पाच मिनिटांची तयारी लागते.

३५ मिनिटांची तासिका धरू. पहिली पाच मिनिटं वर्गात आणि फळ्यावर एकच प्रश्न. दोन नाहीत. नंतर वीस मिनिटं बाहेर, सहा-सात जणांचे गट. चार गट चार वाफ्यांवर, पाचवा सावलीच्या काठीपाशी किंवा पर्जन्यमापकापाशी. शेवटची दहा मिनिटं त्या दगडांच्या गोलात, जिथे प्रत्येक गट काय दिसलं ते सांगतो. हा गोल गाळला तर ती सहल होते.

पहिल्या दोन तासिकांना अवजारं देऊच नका, नुसतं बघायला न्या. मुलांना बाहेर जायची सवय व्हायला वेळ लागतो, आपल्यालाही. नंतर खुरपी द्या, पण मोजून द्या आणि मोजून घ्या. मोजणारं मूल रोज वेगळं.

प्रश्न कसा हवा? ‘हे कशाचं झाड आहे?’ याचं उत्तर एका शब्दात येतं आणि विषय संपतो. ‘परवा होतं तसंच आहे का?’ असं विचारलं की मूल खाली बसतं. ‘या पानाला भोक कुणी पाडलं असेल? तो आता कुठे असेल?’ हा माझा आवडता. त्यावर अर्धी तासिका जाते आणि जाऊ द्यावी.

पाणी घालायची पाळी ठरवताना दोन गोष्टी कटाक्षाने पाळा. बागेतलं काम शिक्षा म्हणून कधीही द्यायचं नाही. आणि खणायला मुलगे, झाडायला मुली ही वाटणी आपोआप होते, ती दर आठवड्याला मोडावी लागते.

बागेची वही साधी : तारीख, हवा कशी, एक चित्र, एक वाक्य. चित्रात रंग भरायची सक्ती नको. पहिलीतलं मूल फक्त चित्र काढेल, पुरे.

काही पाठ, जे माझ्याकडे चालले

गणिताचा पहिला. १० फूट लांबीच्या ओळीत दर फुटावर एक भेंडी लावायची, बिया किती लागतील? सगळा वर्ग ‘दहा’ म्हणतो. दोन्ही टोकांना बी टोचून मोजायला सांगा. अकरा. कुणाचाच विश्वास बसत नाही, पुन्हा मोजतात. फळ्यावर हे समजावताना मी कधीकाळी पूर्ण तासिका घालवली होती. मोठ्या वर्गांना गुंठा द्या : ३३ फूट बाय ३३ फूट, म्हणजे १०८९ चौरस फूट. ‘आमची दोन एकर’ म्हणणाऱ्या मुलाला गुंठा म्हणजे केवढा हे पायाने चालून पहिल्यांदा कळतं. एकरात असे चाळीस.

पाऊस. पर्जन्यमापकासाठी सरळ भिंतीची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेलं तोंड उलटं करून नरसाळ्यासारखं बसवायचं, तळाचा खोलगट भाग वाळू-सिमेंटने सपाट करायचा आणि बाहेरून पट्टी चिकटवायची. रोज एकाच वेळी मोजा. मग हे सांगा : एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर २० मीटर बाय ६ मीटर असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर छपरावरून किती लिटर वाहून गेलं? ३००० लिटर. आमच्या पाचवीने हे उत्तर काढलं आणि पन्हळीखाली पिंप कधी येणार म्हणून मला आठवडाभर सोडलं नाही.

सावली. एक मीटरची काठी सरळ रोवायची, साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा. सर्वांत लहान सावली बाराला पडेल असं पैजेवर सांगणारे निघतात. ती मुंबई-पुण्याकडे साडेबाराच्या पुढेमागे पडते, नागपूरकडे त्याहून वीस-पंचवीस मिनिटं आधी. आपलं घड्याळ सगळ्या देशाचं एक, सूर्य ज्याच्या त्याच्या गावाचा. रेखावृत्तांचा धडा नंतर उघडा. शून्य सावलीचा दिवस, म्हणजे सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावलीच दिसत नाही तो, मुंबई-पुण्यात मेच्या मध्याला येतो, भर सुट्टीत. दुसऱ्यांदा येतो तो जुलैअखेर, ढगांत. मुलांना मेमध्ये घरीच काठी रोवायला सांगावं लागतं.

भोपळ्याची फुलं. वेलाला ढीगभर फुलं आणि भोपळा एकच का? फुलाच्या मागे बघायला सांगा. काहींच्या देठाशी चिमुकला भोपळा असतो, ती मादी फुलं, बाकी नर. भोपळ्याची फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून सकाळच्या शाळेत पहिल्याच तासाला जा. दोडक्याची मात्र संध्याकाळी उमलतात. ती शाळा सुटल्यावर कोण बघणार? ज्याच्या घरी वेल आहे तो. तो त्या दिवशीचा शिक्षक.

चवळीची मुळं. सहा आठवड्यांचं रोप ओल्या मातीतून हलके उपटून धुवा. मुळांवर गाठी दिसतात. एखादी नखाने फोडली आणि आतून गुलाबी निघाली तर आतले जिवाणू हवेतला नत्र धरायचं काम करत आहेत. शेजारी मक्याचं मूळ ठेवा, त्याला गाठी नाहीत. पुस्तकातलं चित्र यानंतर दाखवा, आधी नको.

आता लिंबू-कढीपत्ता. त्यांच्या कोवळ्या पानांवर काही फुलपाखरं अंडी घालतात. अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि काडीने हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुहेरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो. नशीब असेल तर राणी पाकोळीही लिंबावर येते, २०१५पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू. अळ्या झाडाची अर्धी पानं खाणार. खाऊ द्या. ते झाड त्यांच्यासाठीच लावलं आहे.

भाषेचा पाठ सगळ्यात स्वस्त. एका भाजीला घरी काय म्हणतात? दोडका की शिराळं, घोसाळं की गिलकं, शेवगा की शेगट, लाल भोपळा की डांगर की कोहळं. ऊसतोडीला किंवा बांधकामावर आलेल्या कुटुंबांची मुलं वर्गात असतील तर यादी आणखी लांबते आणि एरवी गप्प बसणारं मूल त्या दिवशी बोलतं. पाट्या लावताना सगळी नावं लिहा.

कीड, काटे आणि सावधगिरी

शाळेच्या बागेत रासायनिक फवारणी नको, हे ठाम. मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन निघतो, अळ्या हाताने वेचता येतात. फारच झालं तर निंबोळी अर्क : लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळी कुटून पुरचुंडीत रात्रभर भिजवायची, पिळून गाळायचं आणि शाळा सुटल्यावर मोठ्यांनी फवारायचं. एक वाफा मात्र मुद्दाम न फवारलेला ठेवा. तुलना कशाशी करणार नाहीतर?

आवारात कण्हेर, धोतरा, एरंड अशी विषारी झाडं असतील तर मुलांना ती ओळखायला शिकवा आणि बागेजवळची काढून टाका. एरंडाच्या बिया दिसायला सुरेख असतात आणि लहान मुलं खिशात घालतात. गाजरगवत मोठ्यांनीच उपटायचं, हातमोजे घालून आणि फुलण्याआधी. दगड, पालापाचोळा उचलण्याआधी काठीने हलवायचा, खाली विंचू असू शकतो. साप दिसला तर सगळे मागे आणि सर्पमित्राला फोन. त्याचा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचा नंबर फळ्याशेजारी लिहिलेला हवा. आत येताना साबणाने हात, रोज.

मुलं जेवून ताट धुतात त्या पाण्याचा पहिला, बिनसाबणाचा हात अळू आणि केळीकडे वळवा. एक चर पुरतो.

जमीनच नसलेल्या शहरी शाळेने गच्चीवर दहा-बारा जुन्या बादल्या, तळाला भोकं पाडून, मेथी-पुदिना-कढीपत्त्यासाठी वापराव्यात. आधी गच्चीला वजन पेलेल का हे जाणकाराला विचारून घ्या. कठड्याची उंचीही बघा. वरचे जवळपास सगळे पाठ बादलीवर होतात, गुंठा सोडून.

काढणी आणि सुट्टी

पहिली मेथी निघाली की आधी वजन, मग जुड्या, मग वाटणी. तीस मुलांत सात जुड्या कशा वाटायच्या यावर आमच्याकडे एकदा इतका वाद झाला की भाजी पातेल्यात टाकणं हाच तोडगा निघाला. ताई म्हणाल्या, एरवी मेथी बाजूला काढून ठेवणाऱ्यांनी त्या दिवशी ताट चाटून ठेवलं.

मे महिन्यात बाग जगवायचा हट्ट धरू नका. एप्रिलमध्ये वाफे मोकळे करा, वर पालापाचोळ्याचं जाड आच्छादन घाला. कायमच्या झाडांशेजारी जुना, झिरपणारा माठ गळ्यापर्यंत पुरून ठेवा. आठवड्यातून एक-दोनदा भरला की लहान झाड तगतं. शेजारच्या दोन घरांना पाळ्या वाटून द्या, बदल्यात शेवग्याच्या शेंगा.

मोकळं करण्याआधी बी राखा. मेथीची तीन-चार रोपं नोव्हेंबरपासून तशीच सोडलेली असली तर मार्चपर्यंत शेंगा वाळतात. चवळीच्या शेंगा वेलावरच खडखडीत होऊ द्या. बी राखेत घोळून जुन्या वह्यांच्या पाकिटात भरायचं. पाकिटावर पीक, वाफा, तारीख, राखणाऱ्याचं नाव आणि पुढच्या वर्गासाठी एक सूचना, हे सगळं शाळा सोडून जाणाऱ्या वर्गाने लिहायचं. एका वर्षी मी घाईने जुलैत मेथी पेरायला लावली होती आणि ती संततधारेत पूर्ण कुजली. वर्षअखेरीला मेथीच्या पाकिटावर सूचना आली : ‘पावसाळ्यात पेरू नका. बाई म्हणाल्या तरी.’